फरासखान्यातली तालीम

पूर्वेच्या रांगेवर नुकते तांबडे फुटले होते आणि घोणसगडाच्या तिन्ही बाजूंच्या दऱ्यांत साचलेले धुके अजून जागचे हलले नव्हते. त्या पांढऱ्या पसाऱ्यातून गडाचा काळा माथा, माथ्यावरचा बालेकिल्ला आणि बालेकिल्ल्यातल्या वाड्याची कौले एवढीच काय ती वर दिसत होती. खालच्या माचीवर एखादे कुत्रे भुंकले तरी ते दुसऱ्याच मुलखात भुंकते आहे असे वाटावे, अशी ती वेळ. वाड्याच्या देवडीवर हवालदार भिवजी खराडे उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात भाला आणि कान फरासखान्याकडे.

सदरेचे गालिचे, जाजमे, लोड, कनाती जिथे ठेवीत ती ही लांबट दगडी खोली देवडीपासून पन्नास पावलांवर होती. तिथून गालिचे झोडल्याचा आवाज येत होता. फरासांचे ते रोजचेच काम, त्यात नवल कसले? पण गेले पंधरा दिवस भिवजी पाहत होता, की आवाज चांगला घटकाभर चालतो आणि झरोक्यातून चिमूटभर धूळ बाहेर येत नाही.

भिवजीची नजर गडावर ठाऊक होती. आठ वर्षे देवडी सांभाळताना त्याने गवताच्या भाऱ्यातून आत येणारे चोर धरले होते, बैराग्याच्या जटेतली चिठ्ठी काढली होती. 'देवडीवाल्याने आधी संशय घ्यावा, मग रामराम घ्यावा,' हे त्याचे मामा, गडाचे सरनोबत रवळोजी मोहोड, त्याला नेहमी सांगत. बाप लहानपणीच गेलेल्या भिवजीला याच मामांनी आपल्या ताटात जेवू घातले, घोड्यावर बसवले, चाकरीला लावले. त्यांचा शब्द म्हणजे त्याला देवाचा कौल.

दिवसही संशयाचेच होते. जैतोजीराव वाघदरे गेल्या मार्गशीर्षात लढाईत पडले. मागे मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाईसाहेबांनी गडाचा आणि भोवतालच्या चाळीस गावांचा कारभार हाती घेऊन दत्तकाचा मनसुबा बोलून दाखवला, आणि चुलत दीर हैबतराव यांच्या तोंडचा घास गेला. सहा महिने दोन्हीकडची माणसे एकमेकांची खळी जाळीत राहिली. अखेर रवळोजींनी मध्यस्थी केली, शपथेचा बेलभंडारा उचलला गेला आणि सलोख्याची भेट ठरली. पंचमीला हैबतरावांनी चार असामींनिशी गडावर यावे, बाईसाहेबांनी त्यांना सदरेवर भेटावे, कोणाच्या अंगावर हत्यार नसावे. सदरेच्या दाराशी एकट्या रवळोजींनी, मध्यस्थ म्हणून, तलवार बाळगावी.

पंचमीला पाच दिवस उरले होते.

भिवजी भाला भिंतीला टेकवून फरासखान्याच्या मागल्या अंगाला गेला. तिथे एक चिरा निखळून बोटभर फट पडली होती. त्याने डोळा लावला.

आत एक माणूस दोरीवर टांगलेला गालिचा काठीने झोडीत होता, तो केवळ बाहेरच्यांच्या कानांसाठी. खरे काम मधल्या मोकळ्या जागेत चालले होते. फरासखान्याचा नाईक केरबा हाती कनातीची लाकडी मेख कट्यारीसारखी धरून उभा होता. हा पन्नाशी उलटलेला माणूस सहा महिन्यांपूर्वी कुठूनसा गडावर आला होता. डाव्या हाताची तीन बोटे तुटलेली, बोलण्याला सरहद्दीकडचे कानडी वळण. त्याच्यासमोर बाईसाहेबांच्या विड्याचे तबक धरणारी राही आणि पाणक्या धोंडू.

"मेखेकडं बघू नगंस," केरबा धोंडूला म्हणाला. "माझ्या खांद्याकडं बघ. हात फशिवतो, खांदा फशिवत न्हाई."

तो झेपावला. धोंडूने हातातली पितळी परात आडवी धरली, मेख तिच्यावर आपटून घसरली, आणि परातीचा काठ केरबाच्या मनगटावर बसला. मग राहीची पाळी. तिने खांद्यावरच्या, तबक पुसायच्या उपरण्याला पीळ देऊन मेखेचा हात त्यात धरला, एक वेढा घेतला, दुसरा घेतला आणि मेख जमिनीवर पडली. त्यानंतर दोघांनी मिळून एका गालिच्याचे टोक धरले, तिसरा एक फरास त्यावर उभा राहिला, आणि केरबाने मान हलवताच तो फरास पाठीवर आदळला.

"पुन्हा," केरबा म्हणाला. "सदरंवर जे असंल तेच आपलं. नसंल त्याची आस धरायची न्हाई."

सदरेवर. हा शब्द भिवजीच्या काळजात काट्यासारखा रुतला. बाईसाहेबांच्या अगदी हाताशी वावरणारी ही माणसे, त्यांना पढवणारा हा अनोळखी, आणि भेट पाच दिवसांवर. राहीच्या मनगटावर हल्ली दिसणारे काळेनिळे वळ, धोंडूचे अलीकडचे लंगडणे, सगळ्याचा उलगडा आता त्याला झाला, असे त्याला वाटले. तो तडक मामांकडे गेला.

रवळोजी दाढी करवून घेत बसले होते. न्हाव्याला त्यांनी हातानेच जायला सांगितले आणि भाच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. एक गाल ओला, एक कोरा.

"बाईसाहेबांच्या कानावर घातलंस?"

"नाही. आधी आपल्याकडेच आलो."

"आणखी कोणी पाहिलं?"

"कोणी नाही, मामा."

रवळोजींनी मोठा श्वास सोडला. "शाबास. आता हे आपल्या दोघांतच राहू दे. भेटीच्या तोंडावर वाड्यात गडबड झाली तर हैबतराव करार मोडायला मोकळे. त्या केरबाला गुपचूप कोठडीत टाक. बाईसाहेबांनी विचारलं तर म्हणावं, मेखा आणायला खाली पेठेत गेलाय. आणि पंचमीला सदरेवर सेवकांच्या हाती धातूचं भांडं नको, गालिचे नकोत, कोणाच्या खांद्यावर उपरणं नको. तबकाऐवजी द्रोण, परातीऐवजी पत्रावळ. करार पाक राहावा म्हणून सरनोबतांचा हुकूम, असं सांग."

भिवजीने हुकूम तामील केला. परात त्याने स्वतः धोंडूच्या हातून घेतली. परात देताना धोंडूची बोटे क्षणभर काठावर अडली. केरबानेही विरोध केला नाही. कोठडीच्या दाराशी त्याने एकदाच मागे वळून पाहिले.

"हवालदार, तुमची नजर लई चांगली. तोंड तेवढं भलतीकडं हाय."

"राजद्रोह्याचं तोंड बंद असलेलं बरं," भिवजी म्हणाला.

"बरं. एक सांगा, मग गप बसतो. बाईसाहेबांच्या अंगावर हत्यार नसणार. बिनहत्यारी बाईमाणसाला मारायला कट्यार अडवायची तालीम कशाला लागती?"

भिवजीने दार ओढून घेतले. कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी त्याला बोलावले. पांढऱ्या लुगड्यातली ती चाळिशीची बाई उन्हात बसून कागद वाचत होती.

"केरबा दिसत नाही, हवालदार."

"मेखा आणायला खाली पेठेत गेलाय, बाईसाहेब."

त्यांनी कागदावरून मान वर केली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. भिवजीने आयुष्यभर लोकांकडे असेच पाहिले होते. आपल्याकडे कोणी तसे पाहिल्यावर काय होते हे त्याला पहिल्यांदा कळले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाचू लागल्या.

पुढचे तीन दिवस भिवजीला अन्न गोड लागले नाही. त्याने फटीतून पाहिलेला एकेक डाव आठवून पाहिला. परात आडवी धरणे. मनगट बांधणे. पायाखालचे ओढणे. सगळे डाव अडवण्याचे होते, मारण्याचा त्यात एकही नव्हता. मग ही माणसे कोणाला अडवायला शिकत होती? आणि मामांनी कोणी पाहिले, कोणाला सांगितले, हे विचारले. डाव कोणाविरुद्ध होते, हे का नाही विचारले? हा दुसरा प्रश्न मनात आला की भिवजी उठून चालू लागे. ज्याने आपल्याला संशय शिकवला, त्याच्यावर तो घ्यायचा, हे त्याला आईला शिवी दिल्यासारखे वाटे.

पंचमी उजाडली. पहिला प्रहर सरता सरता हैबतराव वाघदरे चार असामींनिशी गड चढून आले. पागोट्यावर मोत्यांचा तुरा, अंगात जाड पांढरा अंगरखा, ओठांवर हसू. देवडीवर झडती घेण्याचा मान भिवजीचा. पण त्या दिवशी रवळोजी स्वतः पुढे झाले. पाहुण्यांच्या कमरा, बाह्या, शेले त्यांनी सर्वांदेखत चाचपले.

"खातरजमा झाली," ते म्हणाले. "भिवा, तू आता खालच्या दरवाजावर जा. पहारेही तिकडेच ने. सदरेजवळ गर्दी नको."

"जी," भिवजी म्हणाला.

तो वळणार तोच पाहुण्यांनी सदरेच्या पायरीशी जोडे काढले. एकानेही वाकून काढले नाहीत. पाचही जणांनी पाठ ताठ ठेवून पायानेच पाय झटकला आणि जोडे सोडले. गड चढून दमलेली माणसे, पण एकाची पाठ वाकली नाही.

पाठीला पाती बांधली होती. मामांनी कमरा चाचपल्या, बाह्या चाचपल्या, पाठीला हात लावला नाही.

भिवजी पहारेकऱ्यांना घेऊन कोपरा वळेपर्यंत संथ चालला. मग त्यांना म्होरक्याबरोबर खालच्या दरवाजावर पिटाळून तो धावत कोठडीकडे गेला. दार उघडताच केरबाने त्याचा चेहरा पाहिला आणि तो उठला.

"पाच जण. पाठीत हत्यारं," भिवजी म्हणाला. "शिबंदीला हाक मारावी तर ती मामांची. तुम्हाला कोणी बोलावलं होतं गडावर?"

"बाईसाहेबांनी. आतलं कोनतरी फुटलंय एवढं त्यास्नी कळलं व्हतं. कोन ते कळंना. तुमी सरनोबतांचे भाचे, म्हून तुमच्यापासनं लपिवलं." केरबा चालू लागला होता. "सदरंवर काय ऱ्हायलंय?"

"काही नाही. सगळं मीच काढून घेतलं. जाजम तेवढं आहे."

"खिळलंय?"

"नाही."

फरासखान्यातून सदरेच्या मागच्या बाजूला एक बुटके दार होते. गालिच्यांच्या वळकट्या तिथूनच आत नेत. दोघे त्या दाराच्या पडद्याआड बसले. जाजमाचा काठ हाताच्या अंतरावर होता. गुळगुळीत फरशीवर पसरलेल्या त्या लांब जाजमावर हैबतराव आणि त्यांचे तिघे बसले होते. चौथा मात्र चौथऱ्याच्या पायरीला टेकून दगडावरच उभा होता. चौथऱ्यावर बाईसाहेब. त्यांच्या उजव्या हाताला राही, हातात विड्यांची पत्रावळ आणि चुन्याचा द्रोण. डाव्या हाताला धोंडू, रिकाम्या हातांचा, शेजारी पाण्याचा माठ.

"वहिनीसाहेब," हैबतराव सांगत होते, "दादांच्या माघारी आपण दौलत ज्या हिमतीने सांभाळलीत, ती पाहून आमची मान खाली गेली. झाले गेले गंगेला मिळाले. आपण थोर, आम्ही धाकटे."

"भावोजी, धाकट्यांनी चुकावं आणि थोरांनी पोटात घालावं, अशीच रीत आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "विडा घ्यावा."

भिवजीने जाजमाचा काठ मुठीत धरला. आपला संशय खोटा असेल तर? बेलभंडाऱ्याची भेट आपण मोडली, असे होईल. बाईसाहेबांच्या नावाला जन्माचा बट्टा. एकदा तो चुकला होताच. केरबाने त्याच्या दंडाला स्पर्श केला आणि हनुवटीनेच हैबतरावांच्या खांद्याकडे खूण केली.

राही विडा घेऊन एक पाऊल पुढे झाली. हैबतराव उठले, मागोमाग त्यांचे तिघेही. पागोटे सावरावे तसा हैबतरावांचा उजवा हात मानेमागे गेला, आणि खांदा वर चढला.

"आता," केरबा म्हणाला.

दोघांनी जाजमाला सगळ्या अंगाचा हिसका दिला. चौघेही एकावर एक आडवे झाले. मानेमागून निम्मे बाहेर आलेले पाते हैबतरावांच्याच पाठीत घुसले आणि ते ओरडले. केरबाने जाजमाचे टोक उचलून तिघांवर उलटे टाकले आणि त्यावर तो गुडघे रोवून बसला.

पण दगडावर उभा असलेला चौथा पडला नव्हता. कट्यार उपसून तो चौथऱ्यावर चढला. बाईसाहेबांच्या आणि त्याच्या मध्ये धोंडू आला. पंधरा दिवसांच्या सवयीने त्याने दोन्ही हात छातीपुढे आडवे धरले, परात धरावी तसे. हातांत परात नव्हती. कट्यार तळव्यांतून आरपार छातीत गेली. धोंडू मागे सरला नाही. त्या फाटलेल्या हातांनी त्याने मारेकऱ्याचे मनगट धरून ठेवले, आणि राहीने द्रोणातला सगळा चुना त्याच्या डोळ्यांत फेकला. तो आंधळा होऊन चौथऱ्यावरून खाली कोसळला. बाईसाहेबांनी पाण्याचा माठ उचलून त्याच्या डोक्यावर घातला.

याच वेळी दारातून रवळोजी आत आले. तलवार हातात होती. भिवजी त्यांच्यापुढे उभा राहिला.

"भिवा, बाजूला हो."

"तलवार खाली ठेवा, मामा."

"तुझ्या तोंडात पहिला घास मी घातलाय."

"म्हणूनच सांगतो, खाली ठेवा."

रवळोजींनी वार केला. भिवजीने डोक्याचे पागोटे ओढून काढले होते. फटीतून पाहिलेला राहीचा डाव तो करू गेला. पण पाहणे वेगळे आणि करणे वेगळे. पहिला वेढा चुकला आणि तलवार त्याच्या डाव्या खांद्यात हाडापर्यंत उतरली. दुसरा वेढा मात्र मनगटावर बसला. त्याने कापड दोन्ही हातांनी आवळले आणि मामांच्या अंगावर सगळा भार टाकला. दोघे खाली पडले. म्हातारा मामा त्याच्याखाली धापा टाकत होता, लहानपणापासून ओळखीचा तो तंबाखूचा वास त्याच्या नाकात शिरत होता, आणि केरबाने येऊन तलवार काढून घेईपर्यंत भिवजीने पीळ सोडला नाही.

भेटीचे कारस्थान पुढे चौकशीत उघड झाले. बाईसाहेबांना सदरेवरच संपवून हैबतरावांनी गड घ्यायचा आणि रवळोजींना बारा गावांचे वतन द्यायचे, असा करार दोघांत झाला होता. हैबतराव जखमेतून वाचले. त्यांना एका दूरच्या ठाण्यात नजरकैदेत ठेवले आणि त्यांची निम्मी गावे गडाकडे आली. रवळोजींचा गडाच्या रिवाजाप्रमाणे कडेलोट झाला. रवळोजी भिवजीच्या आईचे पाठचे भाऊ. त्या दिवसानंतर ती लेकाशी बोलली नाही. त्याचे ताट वाढी, पण शेजारी बसत नसे.

महिन्याने भिवजीचा खांदा भरून आल्यावर बाईसाहेबांनी त्याला सदरेवर बोलावून सोन्याचे कडे पुढे केले. त्याने हात पुढे केला नाही.

"बाईसाहेब, धोंडूची परात मी काढून घेतली होती."

"ठाऊक आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "केरबा पेठेत गेलाय हे तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत, तेही ठाऊक आहे. तुम्ही खोटं बोलता आहात हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तुम्हीच फितूर आहात असं मी धरून चालले. भेट मोडावी तर शपथ मोडल्याचा बोल यायचा, आणि शिबंदी तुमच्या मामांच्या हाताखाली. महिनाभर आधी तुम्हाला बोलावून विश्वासात घेतलं असतं, तर तुम्ही मामांकडे गेलाच नसता. धोंडूच्या मरणाचा वाटा माझ्याकडेही येतो, हवालदार. कडं नको तर नको."

त्याच संध्याकाळी भिवजी खालच्या माचीवर धोंडूच्या घरी गेला. धोंडूची बायको सारजा चुलीपुढे बसली होती. तिने उठून पदर सावरला. भिवजी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि फटीतून काय पाहिले, कोणाला सांगितले, कोणाच्या हातून काय काढून घेतले, ते सगळे त्याने तिला सांगितले. चुलीतले लाकूड विझत आले तरी ती ऐकत होती.

"मला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं," ती अखेर म्हणाली. "कुनी सांगितलंबी नसतं."

"म्हणून आलो."

"त्यांनी परात मागितली व्हती का वो? परत?"

"नाही. देताना एकदा थांबला फक्त."

तिने विझलेले लाकूड आत सारले, फुंकर घातली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता जावा तुमी. मला टाक्यावरनं पानी आनायचंय. गडाला पानी पाजनाऱ्याच्या घरात घोटभर पानी न्हाई."

भिवजी गेला. पण उंबऱ्याशेजारची रिकामी घागर त्याने उचलून नेली होती. थोड्या वेळाने ती भरून दाराशी ठेवलेली सारजाला मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा मिळाली.

पुढे बरीच वर्षे घोणसगडाचा हवालदार देवडी उघडण्याआधी उजव्या खांद्यावर घागर घेऊन माचीवर उतरताना लोकांना दिसे. तरण्या विधवेच्या दारी रोज पहाटे कशाला जातो, म्हणून माणसे नाना तर्क करीत, पाणवठ्यावर बायका कुजबुजत, आणि एकदा पंचांनी त्याला समोर बसवून कारणही विचारले. पाणी भरतो, एवढेच त्याने सांगितले. ते कोणालाच खरे वाटले नाही, आणि भिवजीनेही कोणाची समजूत घातली नाही.